बारा मिलिमीटर

छाती पुरेशी खाली गेली की सरावाच्या पुतळ्याच्या आत टक् असं वाजतं, हे दिव्यानं सुरुवातीलाच सांगितलं होतं. वासंतीनं तीस वेळा दाबलं, एकदाही वाजलं नाही. तिला आधी वाटलं, पुतळाच नादुरुस्त असेल. हॉस्पिटलातला जुना पुतळा, ज्याला सगळ्या जणी आप्पा म्हणायच्या, त्याचा आवाज सहा वर्षांपूर्वीच बंद पडला होता आणि कुणाचंही त्यावाचून अडलं नव्हतं. पण हा नवा होता, त्याच्या प्लास्टिकला अजून खोक्याचा वास येत होता. ती दाबत राहिली. गुडघ्याखालची सतरंजी सरकत होती, भोवती आठ नर्सेस उभ्या होत्या, खिडकीतून हायवेवरच्या ट्रेलरची घरघर येत होती. इन्चार्ज सिस्टरनं आधी बसावं, म्हणजे पोरींची भीड चेपते, या हिशेबानं ती स्वतःहून पहिली बसली होती. दोन मिनिटं झाल्यावर दिव्या "थांबा" म्हणाली, आणि हातातला टॅब तिनं आधी स्वतःकडे वळवला, मग जरा वेळ तसाच धरून ठेवला.

"किती आले गं?" वासंतीनं हसत विचारलं.

"मॅडम, अजून एकदा करू या का? पहिल्या खेपेला सगळ्यांचं असंच होतं."

"आकडा सांग ना."

"शंभरातले त्रेचाळीस," दिव्या हळूच म्हणाली. "खोली अडतीस मिलिमीटर येतेय. निदान पन्नास हवी. आणि वेग फार आहे, मिनिटाला एकशे चौतीस. एकशेवीसच्या पुढे नको."

वासंती उठली. उठताना तिनं भाग्यश्रीच्या खांद्याचा आधार घेतला, "गुडघे गेले बाई आता," असं काहीतरी म्हणाली, आणि पोरी हव्या तेवढ्याच हसल्या. दिव्या कुणी परकी नव्हती. आठ वर्षांपूर्वी याच हॉस्पिटलात ती शिकाऊ म्हणून आली होती आणि बंद पडलेल्या हृदयासाठी छाती दाबायला वासंतीनंच तिला शिकवलं होतं. मागे उभं राहून, दोन्ही खांदे धरून, कोपरं वाकवू नकोस, कमरेतून वजन टाक, असं. आता ती प्रशिक्षणाचंच काम करायची, पिंपरीपासून चाकणपर्यंतच्या हॉस्पिटलांतून पुतळ्यांची पेटी घेऊन फिरायची. पुढची पाळी भाग्यश्रीची होती. अठ्ठेचाळीस किलोची मुलगी, तिच्या हाताखाली टक् टक् टक् असं घड्याळासारखं वाजत राहिलं. अठ्ठ्याऐंशी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, वासंतीनंही वाजवल्या. टाळ्या वाजवताना तिचं लक्ष आपल्या तळहातांकडे गेलं. ते लाल झाले होते. इतके लाल होईपर्यंत दाबलं होतं, मग कमी कसं पडलं?

दिव्या सांगत होती. प्रमाणपत्र दोन वर्षांचं असतं, पण हातातलं कसब तीन-सहा महिन्यांतच उतरायला लागतं, म्हणून दर तीन महिन्यांनी दहा-दहा मिनिटं तरी पुतळ्यावर बसायचं. नवीन असो की जुनी, सगळ्यांना हेच. दोन मिनिटांनी हात बदलायचा, कारण दमलेल्या माणसाला आपण दमलोय हे समजत नाही, त्याला आपलं वाटतं की जोर तोच आहे. "आणि बरगडी मोडल्याचा आवाज आला तर दचकून हात हलका करू नका," ती म्हणाली. "पुष्कळदा मोडते. नीट दाबलं की मोडू शकते." या वाक्यापाशी वासंतीला अगदी जवळून, कानाशी तोंड आणून कुणी बोलावं तसे, नवरा इथंच दगावलेल्या इंदुताईंचे शब्द ऐकू आले. अंगावर एक वळसुद्धा नव्हता, ताई. किती जपून हाताळलंत माझ्या माणसाला. "मी जरा खाली केसेस बघून येते," असं म्हणून ती खोलीबाहेर पडली. जिन्यात कुणी नव्हतं. लिफ्ट सोडून ती तीन मजले चालत उतरली.

खाली इमर्जन्सीत केसेस नव्हत्याच. तापाचं एक मूल होतं आणि बोटाला पत्रा लागलेला एक कामगार. चार नंबरची खाट रिकामी होती. चादर ताणून बसवलेली, उशाशी ऑक्सिजनची नळी गुंडाळलेली. वासंती त्या खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली आणि आपण इथं कशासाठी आलो ते तिला कळेना. अडीच वर्षांपूर्वी, मार्चमध्ये, दुपारी पावणेचारला, या खाटेवर उद्धवराव बसले होते. बसलेच होते, झोपले नव्हते. चाकणच्या एका कंपनीत प्रेस शॉपला, पत्र्याच्या कामावर होते, पहिली शिफ्ट करून कंपनीच्या बसनं परतत होते. राहायला दिघीला, म्हणजे उतरायचं भोसरीला, पण भोसरीला ते सीटवरून उठलेच नाहीत. चिंचवडला शेवटच्या स्टॉपवर सोबत्यांना ते घामाघूम झालेले दिसले, तेव्हा त्यांनी हाताला धरून इथं आणलं. राखी केसांचा, रुंद हाडांचा माणूस. छातीत दुखतंय म्हणायलासुद्धा लाजत होता. वासंती ईसीजीच्या तारा सोडवत असताना त्यांनी पायांतल्या सेफ्टी शूजकडे पाहून विचारलं, "सिस्टर, बूट काढू का? चादर घाण व्हईल." ती म्हणाली, "राहू द्या हो काका, मी काढते." तोवर त्यांनी एक बूट काढलाही होता. दुसऱ्याच्या नाडीला हात घातला आणि तसेच कलंडले.

पुढचं तिला पाठ होतं, किंवा आजवर पाठ आहे असं वाटत होतं. डॉक्टर वर आयसीयूत दुसऱ्या पेशंटपाशी होते. तिनं खाट सपाट केली, भाग्यश्रीला ओरडून फोन करायला लावला, स्टुलावर चढली आणि सुरू केलं. डॉक्टर चार मिनिटांत आले, शॉक दिले, इंजेक्शनं गेली. पहिली अकरा मिनिटं छातीवर वासंतीचेच हात होते. भाग्यश्रीला तेव्हा लागून सात महिने झाले होते. ती खाटेच्या पलीकडे उभी राहून हात पुढे करत होती, "मॅडम, मी घेऊ? मॅडम, मी घेऊ?" आणि वासंती मानेनंच नाही म्हणत होती. का नाही म्हणाली? मुलगी नवी आहे, घाबरलीय, घोळ करेल, असं तेव्हा मनात होतं. आणखीही काही होतं. हॉस्पिटलात वासंतीच्या हाताची ख्याती होती. सत्ताविसाव्या वर्षी, नोकरी नवी असताना, विजेचा धक्का बसलेला एक वेल्डर तिनं परत आणला होता. तो महिन्याभरानं स्वतःच्या पायांनी पेढे घेऊन आला होता आणि सगळ्या वॉर्डासमोर तिच्या पाया पडला होता. तेव्हापासून मोठ्या सिस्टर कुसुमताई नव्या पोरींना सांगायच्या, वासंतीचा हात बघा, कसा पडतो. आपली जागा दुसऱ्याला देणं तिला जमलं नाही. अकरा मिनिटं. दमल्याचं तिला आठवत नव्हतं. उलट आपण एका लयीत चाललोय, फार छान चाललोय, असंच वाटत होतं, आणि आज तिसऱ्या मजल्यावर सतरंजीवरही अगदी तसंच वाटलं होतं.

साडेचारला डॉक्टरांनी मृत्यूची वेळ सांगितली. सहाला त्यांची बायको, इंदुताई आल्या. भोसरीतल्या कुठल्याशा कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या करायच्या, हाताला पीठ तसंच होतं. वासंतीनं त्यांना बाजूच्या खोलीत नेलं, पाणी दिलं आणि ज्या शब्दांत सांगायचं त्या शब्दांत सांगितलं. "आम्ही आमच्याकडून काही कमी ठेवलं नाही, ताई." इंदुताईंनी तिचे दोन्ही हात धरले होते आणि कितीतरी वेळ सोडले नव्हते. प्रेत गावी नेलं, केजकडे. महिन्यानं त्या परत आल्या त्या थेट वासंतीला भेटायला, आणि तेव्हाच ते वाक्य बोलल्या. शेवटची आंघोळ घालताना दिरांनी, पुतण्यांनी सगळ्यांनी पाहिलं, अंगावर एक वळ नव्हता, कुठं काळंनिळं नव्हतं. मोठ्या दवाखान्यात माणसाची काय दशा करतात हे ऐकून होतो, पर तुमी लेकरासारखं हाताळलंत. वासंतीला तेव्हा भरून आलं होतं. घरी जाऊन तिनं नवऱ्याला, नंदकिशोरना, हे सांगितलंही होतं. त्यानंतर दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी इंदुताई दिघीहून दोन बस बदलून बीपीच्या गोळ्यांसाठी इथंच यायच्या. दिघीत दवाखाने नव्हते असं नाही. येताना कधी ज्वारीच्या पापड्या, कधी शेंगदाण्याची चटणी आणायच्या, आणि बाकावर वासंतीशेजारी दहा मिनिटं बसून परत जायच्या.

सरावाच्या त्या दिवशी आकुर्डीला घरी जाताना वासंती बसमध्ये उभीच राहिली. जागा होती तरी. घरी आल्यावर कपडे न बदलता तिनं कपाटाचा खालचा कप्पा उघडला. मुलाची, सलिलची, शाळेतली कंपासपेटी अजून तिथं होती. सलिल आता बंगळुरूला नोकरीला. पेटीतली फूटपट्टी काढून ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली आणि अडतीसवर एक बोट, पन्नासवर दुसरं बोट ठेवलं. मधली जागा तिच्या करंगळीच्या रुंदीएवढी होती. नंदकिशोर बाहेरून भाजी घेऊन आले. गेल्या वर्षी ते रिटायर झाले होते. तीस वर्षं एका कारखान्यात तपासणी विभागाला होते आणि अजूनही घरातला दरवाजा नीट लागला नाही तर वाकून फट बघायचे.

"काय मोजतेस?"

"काही नाही. बारा मिलिमीटर म्हणजे किती होतात, ते बघत होते."

"बारा मिलिमीटर?" ते हसले. पिशवीतून मेथी काढून त्यांनी ओट्यावर पसरली. "बारा मिलिमीटर म्हणजे कहर झाला. आमच्याकडे बारा मायक्रॉनला, म्हणजे याच्या हजाराव्या भागाला, तयार झालेला जॉब रिजेक्ट व्हायचा."

तिनं पट्टीवरची बोटं तशीच ठेवली. त्यांना वाटलं, तिला ऐकायचंय. जुन्या कामाचा विषय निघाला की त्यांना बरं वाटे. ते ओट्याला टेकून सांगू लागले, नव्या मुलांना एक गोष्ट पटवणं फार कठीण जायचं. मापाचं गेज रोज हातात असतं ना, म्हणून ते बरोबरच आहे असं त्यांना वाटतं. अगं, रोज हातात असतं म्हणूनच झिजतं ते. आणि झिजलंय हे वापरणाऱ्याला कधीच कळत नाही, कारण तो सगळं त्याच गेजनं मोजतो. म्हणून दर सहा महिन्यांनी ते तपासायला लॅबला पाठवायचं, मग कितीही घाई असो. "एकदा एका सुपरवायझरनं न पाठवता तपासल्याचं नुसतं स्टिकर चिकटवलं होतं. चार महिन्यांचा माल परत आला. बिचाऱ्याला..." एवढं बोलून ते थांबले, कारण वासंती उठून न्हाणीघरात गेली होती आणि आतून नळ सोडल्याचा आवाज येत होता.

स्टिकर. ती नळाखाली मनगटं धरून उभी राहिली. अंगातली उष्णता जाईना. नंदकिशोर काही जाणून बोलले नव्हते, त्यांना ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं. हॉस्पिटलात दर तीन महिन्यांच्या सरावाचा नियम पूर्वीपासून होता. दिव्यानं आज काही नवीन सांगितलं नव्हतं. इमर्जन्सीच्या कपाटात निळ्या पुठ्ठ्याची वही होती, तिच्यात तारीख, नाव, सही असे रकाने होते. त्या जानेवारीत, उद्धवराव यायच्या दोन महिने आधी, हॉस्पिटलच्या तपासणीला बाहेरून माणसं येणार होती. वॉर्ड भरलेला, दोघी रजेवर, आप्पा तिसऱ्या मजल्यावर फाटक्या गाद्यांखाली. वासंतीनं टेबलाशी बसून एका बैठकीत आठ नावं लिहिली, समोर "सराव झाला" असं लिहिलं आणि ज्या जशा येतील तशा त्यांच्या सह्या घेतल्या. पहिली सही स्वतःची. कुणी काही विचारलं नाही. भाग्यश्रीनं तेवढं विचारलं होतं, नवी होती म्हणून. "मॅडम, पण केव्हा करायचा सराव?" आणि वासंती म्हणाली होती, "रोज पेशंटवर करतोच की गं आपण."

दुसऱ्या दिवशी तिनं ती वही काढून बघितली. न बघताही चाललं असतं, सगळं आठवत होतं. तरी बघितली. अक्षर छान होतं. शाळेत तिच्या अक्षराला बक्षीस मिळालं होतं.

नंतरचे तीन आठवडे ती ड्यूटी संपली की तिसऱ्या मजल्यावर जायची. दिव्यानं एक पुतळा तिथंच ठेवला होता. ती स्वतः मंगळवारी आणि शुक्रवारी यायची. पहिल्या आठवड्यात दाब चाळीस, एक्केचाळीस मिलिमीटरच्या पुढे जाईना. पन्नाशीतल्या मनगटात जोर नसतो असं वासंती म्हणाली, तर दिव्यानं तिच्या मागे येऊन दोन्ही खांदे धरले. "मनगटानं नाही मॅडम. कमरेतून वजन टाका. कोपरं वाकतायत." ते हात खांद्यांवर पडल्याबरोबर वासंतीचे डोळे भरून आले. दिव्यानं पाहिलं, पण खांदे सोडले नाहीत. तेव्हा चोवीस वर्षांच्या या मुलीला आपण असंच धरलं होतं आणि तिच्या वेणीला खोबरेल तेलाचा वास येत होता. हे शिकवणारी कोण होती आणि विसरलेली कोण? कोपरं केव्हा वाकायला लागली असतील? एका दिवसात तर नाही. वेल्डरच्या वेळी नक्की सरळ होती. मग पुढे कधीतरी, कुठल्यातरी पेशंटवर, एक मिलिमीटर. मग आणखी एक. मधल्या वर्षांत किती जणांच्या छातीवर हात ठेवले होते तिनं? काही वाचले, बरेचसे गेले. गेलेल्यांबद्दल म्हणणं असतं की ते जाणारच होते. हे म्हणणं तिचंच होतं, त्यांनी कुठं काही सांगितलं होतं.

तिसऱ्या शुक्रवारी बावन्न मिलिमीटर आले. खोलीत टक् टक् वाजत राहिलं आणि तिला त्याचा आनंद झाला नाही. हातांना नवीन जोर कळत होता, आणि त्याबरोबर जुना, आधीचा, अपुरा दाबही आता स्पष्ट कळत होता. उद्धवरावांची छाती. तिला आठवलं, ती छाती तिच्या हातांना फार वेळ टणकच लागत होती.

"दिव्या, एक विचारू? तेव्हा अडीच वर्षांपूर्वी एक केस होती." तिनं सगळं सांगितलं, वहीसुद्धा. दिव्या मांडी घालून ऐकत बसली होती. "नीट झालं असतं तर वाचला असता का गं तो?"

दिव्यानं पुतळ्याच्या कपाळावरची धूळ बोटानं पुसली. "मॅडम, कुणाला सांगता येणार? अटॅक मोठा असेल. वाचलाही नसता. तेव्हाचं माप कुठंच नाहीये." मग म्हणाली, "तुमचं समाधान होईल असं काही बोलता आलं असतं तर बोलले असते."

"नको बोलूस," वासंती म्हणाली. तिला त्या मुलीचा एकदम फार आधार वाटला आणि त्याच क्षणी, इंदुताईंना सांगायला हवं, हे तिच्या मनात आलं. आलं ते गेलंच नाही. पहिला गुरुवार सहा दिवसांवर होता. तोवर थांबून बाकावर, पापड्या मांडीवर घेऊन, ते सांगायचं? ते शक्य नव्हतं. नंदकिशोरना तिनं रात्रीच्या जेवणानंतर विचारलं, सगळं सांगून विचारलं. स्टिकरची गोष्ट आठवून त्यांचा चेहरा उतरला. "तुला सांगून हलकं वाटेल," ते म्हणाले. "त्यांचं काय होईल?" तरी ती साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी दिघीला गेली.

मिलिटरीच्या हद्दीच्या भिंतीला लागून असलेल्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. इंदुताई घरीच होत्या, दाराशी बसून तांदूळ निवडत होत्या. वासंतीला बघून त्या इतक्या घाईनं उठल्या की सूप कलंडलं.

"अगं माय! ताई, तुमी? इकडं कशा? सांगितलं असतं तर म्या खाली आले असते ना घ्यायला."

त्यांनी खुर्ची पुसली, पंखा लावला. भिंतीवर उद्धवरावांचा फोटो होता, कंपनीच्या ओळखपत्रावरचाच मोठा केलेला, म्हणून चेहरा थोडा पसरट. शेजारच्या बाईला इंदुताईंनी दारातूनच हाक मारून सांगितलं, या बघा, मी सांगते ना, त्या याच ताई. ती बाई पदर सावरून आत आली, वासंतीकडे आदरानं बघून गेली. चहा झाला. वासंतीला वाटलं, अजून उठता येईल. सहज आले होते, असं म्हणून उठता येईल. मग तिनं कप खाली ठेवला आणि बोलायला लागली. घरून शब्द जुळवून आली होती, ते वापरले नाहीत. पुतळ्याचं सांगितलं, आकड्याचं सांगितलं, वहीत खोटं लिहिल्याचं सांगितलं, भाग्यश्री मी घेऊ का विचारत होती आणि आपण घेऊ दिलं नाही हेही सांगितलं. बरगड्यांचंही सांगितलं. "अंगावर वळ नव्हता म्हणालात ना ताई, तो नव्हता, कारण माझ्या हातानं कमी दाबलं गेलं असेल. मी नक्की सांगू शकत नाही. पण तसं असू शकतं."

इंदुताई खाली बसल्या होत्या, सांडलेले तांदूळ एकेक करून सुपात टाकत होत्या. ते थांबलं.

"म्हंजे वाचले असते?"

"माहीत नाही. कदाचित नसते वाचले. कुणालाच माहीत नाही."

"किती कमी दाबलं?"

वासंतीला प्रश्न कळला नाही. इंदुताईंनी हात पुढे केला. "दाखवा की. किती कमी?"

तिनं अंगठा आणि तर्जनी एकमेकांजवळ आणून मधलं अंतर दाखवलं. इंदुताई वाकून त्या फटीकडे बघत राहिल्या, सुईच्या नेढ्याकडे बघावं तसं डोळे बारीक करून.

"एवढंच?" त्या म्हणाल्या.

पंखा फिरत होता. खाली गल्लीत गॅसच्या टाक्या उतरवत होते, लोखंडावर लोखंड आपटत होतं. वासंतीला वाटलं, त्या आता ओरडतील, मारतील, आणि त्यांनी तसं करावं असं तिला मनापासून वाटलं. इंदुताईंनी तसं काही केलं नाही. पदरानं तोंड पुसलं. मग बोलल्या, रागानं नव्हे, थकून.

"ताई, तुमी हे कामून सांगायला आलात मला? अडीच वर्षं झाली. पोरगी नांदायला गेली, घर रिकामं झालं. रातच्याला जाग आली की म्या तेवढंच आठवते, की शेवटाला चांगल्या हातात व्हते. अंगाला धक्का लागला न्हाई त्यांच्या. दुसरं काय व्हतं माझ्याजवळ? ते बी घेऊन चाललात."

"चूक झाली माझी," वासंती म्हणाली. कुठली, ते तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

"तुमाला खरं बोलावं वाटलं. बराबर हाय. खोटं बोलणारी माणसं येत बी न्हाईत अशी दारात." इंदुताई उठल्या. दोन्ही कप उचलून मोरीत ठेवले आणि पाठमोऱ्याच राहून म्हणाल्या, "राग न्हाई माझा. पर आता तुमच्याकडं बघितलं की मला ते तुमचं बोट दिसंल. गोळ्यांचं मी बघीन इकडंच. तुमी जावा."

वासंती जिना उतरली. शेजारची बाई दारातून "निघालात का ताई? जेवून जायचं की," असं म्हणाली, तिला तिनं हात जोडले. रस्त्यावर येऊन ती उलट्या बाजूनं बरीच चालत गेली, भिंत संपेना तेव्हा लक्षात आलं. नंदकिशोर म्हणाले होते तसं हलकं काही वाटत नव्हतं. छातीवर एक सपाट, रुंद वजन होतं, आणि ते आता उतरायचं नाही, त्याच्यासकटच ड्यूटी करायची, स्वयंपाक करायचा, सलिलशी फोनवर बोलायचं, असं तिला चालता चालता उमजत गेलं. पहिल्या गुरुवारी बाकावर कुणी येणार नव्हतं. आपण घरी बसून हे सोसलं असतं तर एक म्हातारी होत चाललेली बाई निदान रात्री नीट झोपली असती. आणि न सांगता दर महिन्याला तिच्या हातच्या पापड्या खात राहिलो असतो, हेही तिला दिसलं. यांतलं कुठलं बरं? भोसरीच्या स्टॉपवर बस आली. सुट्टी होती तरी ती आकुर्डीला न जाता चिंचवडला उतरली.

चारचा सुमार होता. शिफ्ट बदलण्याची वेळ. वासंतीनं साडीवरच एप्रन चढवला, कपाटातून वही काढली, पण उघडली नाही, टेबलावर ठेवून दिली. भाग्यश्री निघायच्या बेतात होती, आठ तास उभी होती, खांद्याला पर्स अडकवलेली.

"मॅडम, तुमची तर सुट्टी आहे ना?"

"सराव आता दर महिन्याला करायचा ठरलाय ना? या महिन्यातला तुझा राहिलाय. चल वर."

"उद्या करते ना मॅडम. सही आत्ताच करून ठेवते, चालेल?"

वासंतीनं वही बाजूला सरकवली. तिला या मुलीलाही काही सांगायचं होतं, तिचं ते मी घेऊ विचारणं, आपलं ते मानेनं नाही म्हणणं. पण दिघीहून येताना एक गोष्ट तिच्या चांगलीच ध्यानात आली होती, की सांगणं हे दर वेळी ऐकणाऱ्याच्या भल्याचं नसतं. "सही नंतर," ती म्हणाली. "दोन मिनिटं तू, दोन मिनिटं मी. हात बदलून. तू 'घेऊ का' असं विचारायचं नाहीस. दोन मिनिटं झाली की सरळ माझे हात बाजूला करायचे. मी नाही म्हटलं तरी."

भाग्यश्रीनं पर्स खाली ठेवली. दोघी वर गेल्या, सतरंजीवर समोरासमोर बसल्या, मध्ये पुतळा. आधी वासंतीनं सुरुवात केली. खांदे हातांच्या बरोबर वर, कोपरं ताठ. खाली जाऊन येणारा प्रत्येक दाब तिला मनगटापासून कंबरेपर्यंत जाणवत होता. भाग्यश्री मोठ्यानं आकडे म्हणत होती. अकरापर्यंत आल्यावर तिचा आवाज अडखळला.

"मॅडम, तुम्ही रडताय का?"

"मोजायचं थांबू नकोस," वासंती म्हणाली.